पोर्टफोलिओ उघडतो, पण प्रोजेक्ट उघडतो का?

पुण्यात प्रोग्रामर म्हणून पहिली नोकरी शोधत होतो तेव्हा पोर्टफोलिओ साइटवर, म्हणजे स्वतःची कामं दाखवणाऱ्या वेबसाइटवर, मी तीन आठवडे घातले. काळी पार्श्वभूमी, एकेक अक्षर टाइप होत उमटणारं नाव, ‘जावास्क्रिप्ट 90 टक्के’ अशा पट्ट्या. अर्ज भरपूर केले, फोन एकही आला नाही. शेवटी मावसबहिणीला साइट दाखवली. ती खराडीला एका कंपनीत भरतीचं काम बघते.

ताईने जेवताजेवता डाव्या हाताने फोनवर लिंक उघडली. नाव टाइप होऊन संपायच्या आत ती खाली सरकली होती. पट्ट्यांकडे बघितलंच नाही. पहिल्या प्रोजेक्टचं ‘लाइव्ह डेमो’ दाबलं, तर पांढरा पडदा. “थांब ना जरा, सर्व्हर जागा होतोय,” मी म्हणालो. “तू समोर आहेस म्हणून थांबते. ऑफिसात नसते थांबले रे,” ती म्हणाली.

डेमो रेंडर या होस्टिंग सेवेवर होते. तिच्या फुकट प्लॅनवर 15 मिनिटं कुणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो आणि पुढच्या माणसासाठी उठायला मिनिटभर घेतो. हे मला माहीत होतं, पण बघणाऱ्याला ते माहीत नसतं. म्हणून मी पोर्टफोलिओ साइट गिटहब पेजेसवर हलवली (तिथे साध्या पानांची साइट ठेवता येते आणि ती झोपत नाही) आणि प्रत्येक प्रोजेक्टखाली 40 सेकंदांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ टाकला. ‘पाहुणा म्हणून आत या’ असं बटणही दिलं, कारण डेमो बघायला कुणी स्वतःचा ईमेल देऊन खातं उघडत नाही.

मग प्रोजेक्टच कमी केले. हवामान अॅप, टू-डू लिस्ट काढून टाकली. ती प्रत्येकाकडे असतात. आमच्या खाणावळीतल्या काकूंसाठी केलेलं खाड्यांच्या हिशेबाचं अॅप आधी सगळ्यात खाली होतं, ते वर आणलं. त्याबद्दल नुसती वापरलेल्या तंत्रांची नावं, ‘रिअॅक्ट, नोड, मोंगोडीबी’, लिहिली होती. आता तिथे खरी अडचण लिहिली: रात्री साडेबाराला टाकलेला खाडा आदल्या दिवशी पडायचा आणि काकूंशी वाद व्हायचा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. तारीख ठरवण्याआधी वेळ भारतीय वेळेत बदलून घेतली, तेव्हा हिशेब जुळला. चार ओळींचा हा मजकूर, पण पुढच्या मुलाखतीत पहिली वीस मिनिटं त्याच्यावरच बोलणं झालं. तुमच्याकडेही असा एखादा बग असेलच. तो लपवू नका, सविस्तर लिहा.

बाकीची कामं एका संध्याकाळची. स्क्रीनशॉट 4 एमबीचे पीएनजी होते, ते वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून 150 केबीच्या आत आणले. ओपन ग्राफचे टॅग घातले, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की नाव आणि चित्र दिसतं. ईमेल, शहर आणि कधीपासून रुजू होऊ शकतो हे पहिल्याच पडद्यावर लिहिलं.

रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड ठेवलेली जागा) पब्लिक करण्याआधी मात्र जुने कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) तपासा. एपीआय की, म्हणजे बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली, एकदा कमिट झाली की फाइल नंतर डिलीट केली तरी इतिहासात ती राहतेच. अशी की सापडली तर आधी ती रद्द करून नवी घ्या, मगच लिंक पाठवा.