सिद्धेश्वर तळ्याचा फोटो सगळ्यांकडे असतो, तुमचा वेगळा कसा काढायचा?

सोलापुरात ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याच्याकडे सिद्धेश्वर मंदिराचा फोटो असतोच, मधोमध मंदिर, खाली पाणी, वर आभाळ. चांगला असतो तो, पण कुणी काढला ते काही त्यातून कळत नाही. आपली नजर फोटोत यावी असं वाटत असेल तर नवीन कॅमेरा घ्यायच्या आधी हे करून बघा.

एकच जागा धरा आणि आठवडाभर तिथंच जा. तळ्याचा काठ घ्या, नाहीतर यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो अशी एखादी गल्ली. पहिल्या दिवशी फोटो काढूच नका, नुसतं फिरा आणि पाय कुठं थांबले तेवढं लक्षात ठेवा. का थांबलो ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "मंदिर छान दिसतंय" हे नाही चालणार, "काठावर बसलेल्या आजींच्या लुगड्याचा रंग पाण्यात उतरलाय" हे चालेल, कारण मग फ्रेममध्ये काय ठेवायचं ते आपोआप ठरतं, आजी, पाणी, रंग आणि बाकी सगळं बाहेर. माझ्या मते कंपोझिशन (फोटोतली मांडणी) म्हणजे निम्म्याहून जास्त हे बाहेर काढणंच आहे. (आजींना आधी विचारायचं, हे सांगायला नको.)

मग कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा, दोन आडव्या दोन उभ्या रेषा येतात, त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं आजींना ठेवून बघा आणि एकदा मधोमध ठेवूनही बघा. बटण दाबायच्या आधी चारी कडांवरून नजर फिरवा, अर्धवट वायर, कापलेला हात तिथंच घुसतात. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा, खाली बसा.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, सावल्या काळ्याकुट्ट पडतात.

संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा तर सगळ्यांचे मोबाईल मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांवर, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांवर असतात, तेव्हा तुम्ही ते पेलणाऱ्यांचे हात बघा. फ्रेमभर पांढऱ्या बाराबंद्या (बंदांनी बांधायचे पारंपरिक अंगरखे) आल्या की कॅमेरा फोटो करडा करतो, म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा.

आठवड्याच्या शेवटी सगळ्यातले फक्त पाच फोटो ठेवा आणि शेजारी शेजारी लावा. पाचातल्या तिनात हातच दिसले, तर पुढच्या आठवड्यात हातांचेच काढा.