देशाच्या पर्यावरण रणनीतीवर काम करायला जाताय? माझा अनुभव वाचून जा

मी या कामात आले तेव्हा वाटलेलं की अभ्यास करून एक जाडजूड रिपोर्ट लिहायचा, झालं. पहिल्या मसुद्यात जंगल, पाणी, माती, कचरा सगळं कोंबलं, ६० उपाय झाले, आणि मीटिंगला अर्थखात्याच्या बाईंनी एकच विचारलं, यातलं कोण काय करणार आणि पैसे बजेटमधल्या खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचे? निम्म्या उपायांपुढे 'संबंधित विभाग' एवढंच लिहिलेलं, म्हणजे कुणीच नाही.

वाचायचं म्हणाल तर १९८७ चा शाश्वत विकासावरचा ब्रुंटलँड अहवाल चाळला तरी चालेल, पण १९९२ च्या रिओ परिषदेतल्या अजेंडा २१ या कृती आराखड्याचं ८वं प्रकरण नीट वाचा, पर्यावरणाचा विचार निर्णय घेतानाच करा, मागाहून ठिगळ नको, हे त्यात आहे. जैवविविधता कराराचं कलम ६ पण बघा, राष्ट्रीय रणनीती करणं ही करारात सामील झालेल्या देशांची जबाबदारी आहे, हौस नाही.

याच जैवविविधता कराराखालच्या २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातली २३ टार्गेट्स कॉपी-पेस्ट करायचा मोह होतो. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित, हे अख्ख्या जगाचं मिळून आहे, प्रत्येक देशाने तेवढंच करायचं असं नाही. आपल्याकडे ती जमीन कुठली, तिच्यावर कोण जगतंय, हे आधी बघावं लागतं.

आणि आकडे! जंगल किती, यावर आमच्याकडे दोन खात्यांचे दोन आकडे, चार दिवस त्यावरच भांडण. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, व्याख्येत अर्धा हेक्टरहून मोठी जागा, ५ मीटरहून उंच झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त जागेवर झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र असलं की जंगल, रबराची लागवडसुद्धा त्यात येते. म्हणजे नैसर्गिक जंगल तोडून तिथे रबर लावलं तरी आकडा जागच्या जागी. म्हणून व्याख्या काय घेतली ते पहिल्या पानावर लिहा आणि नैसर्गिक जंगल वेगळं मोजा, नाहीतर पाच वर्षांनी काय सुधारलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

रस्ते, शेती, वीज या खात्यांकडे मसुदा पूर्ण व्हायच्या आधीच जा, आयता मसुदा पाठवलात तर 'हरकत नाही' असा शेरा मारून परत येतो आणि पुढे कुणी हात लावत नाही. बजेटची पुस्तकं वाचायला शिका, कंटाळवाणी आहेत पण मला तीच सगळ्यात उपयोगी पडली. आमचे ६० चे शेवटी ११ उपाय उरले, प्रत्येकापुढे एका खात्याचं नाव आणि पैशाचं हेड. वरच्या साहेबांनी पानं उलटून विचारलं, एवढंच?