बीटी वांग्याची फाइल वाचताना: जीएम पिकातला अ‍ॅलर्जीचा धोका कसा जोखायचा

माझ्या आईला वांग्याचं भरीत फार आवडायचं. पण चार घास पोटात गेले की घशाशी खवखव सुरू व्हायची, ओठ जड व्हायचे. "वांगं वातूळ, तिला सोसत नाही," एवढ्यावर घरातला विषय संपायचा. अ‍ॅलर्जी हा शब्द आमच्या जालन्याच्या स्वयंपाकघरात कुणी काढला नव्हता. पुढे मी प्रथिनांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये जीएम पिकांना, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांना, मंजुरी देणाऱ्या जीईएसी या केंद्रीय समितीने आमच्याच जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी वांग्याला, म्हणजे मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याला, हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. त्या काळात बाजूचे आणि विरोधातले दोघंही माझ्याशी तावातावाने बोलायचे. कंपनीने दिलेली सुरक्षितता-चाचण्यांची फाइल मात्र फार थोड्यांनी उघडली होती. ती कशी वाचायची, कुठे बोट ठेवून थांबायचं, ते सांगते.

सुरुवात प्रथिनांच्या यादीपासून करा. अन्नाची अ‍ॅलर्जी जवळजवळ नेहमी प्रथिनामुळे होते. जनुक स्वतः कुणाला बाधत नाही, त्यातून जे प्रथिन तयार होतं त्याची चौकशी करायची. लोक म्हणतात "एक जनुक घातलं", पण बीटी वांग्यात तीन आहेत: अळी मारणारं क्राय१एसी, आणि कामाच्या सोयीसाठी आलेली एनपीटीटू आणि एएडी ही दोन खुणेची जनुकं, म्हणजे नवं जनुक कोणत्या पेशीत शिरलं ते ओळखायला जोडलेली. प्रत्येकापुढे लिहा: प्रथिन फळात तयार होतं का, आणि एक ग्रॅम वांग्यात किती? बीटी कापसाच्या सरकीच्या रिफाइंड तेलाबाबत हा प्रश्न लवकर मिटतो, कारण त्यात प्रथिन जवळपास उरतच नाही. भाजीत तो मिटत नाही.

मग मूळ बघा, जनुक कुणाकडून आणलं? इथे ब्राझील नटची गोष्ट माहीत असायलाच हवी. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, कमी असतं, म्हणून पायोनियर या अमेरिकी कंपनीने ब्राझील नटमधलं २एस अल्ब्युमिन या प्रथिनाचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं. हेतू चांगला होता. पण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या ९ पैकी ८ जणांच्या रक्तातल्या आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या, प्रतिपिंडांनी त्या नव्या सोयाबीनमधलं प्रथिन अचूक ओळखलं. ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. मूळ पदार्थ अ‍ॅलर्जीसाठी बदनाम असेल तर अशा रुग्णांच्या सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाची, चाचणी झाल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

सीरम किती जणांचं, तेही मोजा. एखादं प्रथिन त्या पदार्थाच्या निम्म्या रुग्णांना तरी बाधणारं असेल, तर ८ रुग्णांचं सीरम घेऊन आठही निगेटिव्ह निघण्याची शक्यता २५६ मध्ये १ उरते. पण पाचांतल्या एकालाच बाधणारं असेल तर आठ सीरम अगदीच तोकडी पडतात, चोवीसच्या आसपास हवीत. "तीन सीरम तपासली, काही आढळलं नाही" असं वाक्य दिसलं तर मी पेन्सिलीने गोल करते.

क्राय१एसी मातीतल्या जिवाणूकडून आलं आहे. त्याला अन्न-अ‍ॅलर्जीचा इतिहास नाही, म्हणून तिथे क्रमाची तुलना महत्त्वाची ठरते. हे काम तुम्ही घरी बसूनही करू शकता. प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन संग्रहावरून घ्या आणि नेब्रास्का विद्यापीठाच्या अ‍ॅलर्जनऑनलाइन या मोफत संग्रहात, म्हणजे अ‍ॅलर्जी करणाऱ्या ज्ञात प्रथिनांच्या (अ‍ॅलर्जनांच्या) यादीत, टाका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेनुसार सलग ८० अमिनो आम्लांच्या खिडकीत ३५ टक्क्यांहून जास्त साम्य एखाद्या ज्ञात अ‍ॅलर्जनशी निघालं तर पुढची तपासणी करावी लागते. आधी सरावासाठी ब्राझील नटचंच प्रथिन टाकून बघा, म्हणजे खरा "सापडला" कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. सलग सहा-आठ अमिनो आम्लं जुळली म्हणून मात्र घाबरू नका. एवढं निव्वळ योगायोगानेही जुळतं.

आता पेप्सिन, म्हणजे पोटात प्रथिनं पचवणारं विकर. जे प्रथिन पचत नाही त्याचा संशय जास्त, म्हणून ही चाचणी. या चाचणीत मी स्वतः पोळले आहे, म्हणून इथे जास्त वेळ घेते. पोटातल्यासारखं आम्ल, पीएच १.२ च्या आसपास, ३७ अंश सेल्सिअस, त्यात पेप्सिन आणि तुमचं प्रथिन. अर्ध्या मिनिटाला, दोन मिनिटांना, पाच, दहा, असं साठ मिनिटांपर्यंत थेंब थेंब काढून जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, चालवायचं; प्रत्येक थेंबाचा एक रकाना. पचणारं प्रथिन असेल तर निळा पट्टा पहिल्याच काही रकान्यांत पुसट होऊन नाहीसा होतो. माझ्या पहिल्या वर्षी एका प्रथिनाचा पट्टा साठाव्या मिनिटालाही ठसठशीत होता. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी आमच्या बाईंनी जेल उजेडाकडे धरलं आणि एकच विचारलं, "सहज पचणारं प्रथिन सोबत चालवलंस का?" नव्हतं चालवलं. कागदी पट्टीने आम्ल तपासलं तर पीएच चारच्या वर. मीटर चुकीचं दाखवत होतं आणि पेप्सिन जवळजवळ झोपलेलंच होतं. तेव्हापासून कुणाच्याही अहवालात मी चार रकाने शोधते: नुसतं पेप्सिन, पेप्सिनशिवाय प्रथिन, लवकर पचणारं एक आणि न पचणारं एक. हे चार नसतील तर "तीस सेकंदांत पचलं" या वाक्याला वजन नाही, "पचलं नाही" यालाही नाही.

चाचणी नीट झाली तरी निकाल ताणू नका. दुधातलं केसिन पेप्सिनपुढे पटकन विरघळतं, तरी लहान मुलांना त्याची अ‍ॅलर्जी होतेच. उलट बाजूला स्टारलिंक हा जीएम मका आहे. त्यातलं क्राय९सी उष्णतेला आणि पेप्सिनला दाद देत नव्हतं, म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी मिळाली. सप्टेंबर २००० मध्ये ते माणसांच्या टाको शेलमध्ये, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पुरीत, सापडलं. पुढे तक्रार करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत क्राय९सीची अ‍ॅलर्जी दिसली नाही. पण खळ्यात, गोदामात, गिरणीत धान्य मिसळतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. "हे फक्त जनावरांसाठी" ही अट फाइलीत दिसली तर ते पीक माणसाच्या ताटात येणार असं धरूनच तपासा.

चाचणीसाठी प्रथिन कुठून घेतलं, हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पिकातून शुद्ध प्रथिन पुरेसं मिळत नाही, म्हणून ते सहसा जिवाणूत तयार करतात. पण वनस्पती प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवते, कधी ते वेगळ्या जागी कापते. ऑस्ट्रेलियात घेवड्यातलं एक प्रथिन वाटाण्यात घातलं, तर ते थोडं वेगळं घडलं आणि उंदरांत प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया उठली. २००५ मध्ये ते काम थांबवलं. नंतरच्या एका अभ्यासात साध्या घेवड्यानेही उंदरांत तशीच प्रतिक्रिया दिली. म्हणून मी दोन गोष्टी मागते: चाचणीतलं आणि पिकातलं प्रथिन सारखंच असल्याचा पुरावा, आणि नुसत्या उंदरांवर निकाल न देण्याचा संयम.

शिजवण्याच्या पानावरही सावध राहा. भाजलेल्या, तळलेल्या, वाफवलेल्या बीटी वांग्यात क्राय१एसी सापडलं नाही, असं महिकोच्या माहितीत आहे. चांगली गोष्ट आहे. पण अशा तपासणीत सहसा वापरली जाणारी, प्रतिपिंडांवर चालणारी एलायझा चाचणी घडी (प्रथिनाची दुमडलेली ठेवण) शाबूत असलेलं प्रथिन ओळखते; उष्णतेने घडी मोडली की तुकडे असूनही ती गप्प राहू शकते. शेंगदाणे खरपूस भाजून कूट केला तरी त्याची अ‍ॅलर्जी जात नाही, हे ज्यांच्या घरात तसं मूल आहे त्यांना विचारा.

शेवटचा प्रश्न माझ्या आईचा. नवं प्रथिन निर्दोष निघालं, तरी पिकाची स्वतःची अ‍ॅलर्जनं वाढली का? डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीची मंजुरी मिळाली, तेव्हा मला तिच्यात घातलेल्या बारनेज-बारस्टार या नव्या प्रथिनांइतकीच काळजी मोहरीच्या स्वतःच्या २एस अल्ब्युमिनची होती. युरोपात मोहरी लेबलवर सांगावीच लागणाऱ्या १४ अ‍ॅलर्जनांत आहे. हे तपासायला एकाच वाफ्यात शेजारी-शेजारी लावलेला साधा वाण आणि जीएम वाण हवा. आणि हवं साध्या वांग्याने, साध्या मोहरीने ज्यांना त्रास होतो त्यांचं सीरम. ते दोन्ही वाणांवर चालवायचं आणि पट्टे शेजारी ठेवून बघायचे.

असं सीरम मिळत नाही, कारण त्रास होणारे दवाखान्यात जातच नाहीत, ताट बाजूला सारतात. तुमच्या घरात कुणाच्या घशाला वांगं लागत असेल तर त्यांना अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे एकदा न्या आणि नेमकं काय, किती घासांनंतर, किती मिनिटांत झालं ते लिहून न्या. आईला मी नेलं नाही.