खाली-वर होणारी वलणी: एका बाजूला कलू नये म्हणून

बोअरच्या मोटारी काढायचं माझं काम, दोरी-कप्पी रोजच्या हातातली. म्हणून लातूरच्या आमच्या घरात कपड्यांची वलणी स्लॅबखाली ओढून घ्यायची सोय केली. गल्लीतल्यांनीही बघून केली, पण त्यांचा कपडे टाकायचा पाइप तिरका वर जायला आणि कपडे घसरून एका टोकाला.

सामान गंजगोलाईच्या बाजारात मिळतं. ६ फुटी स्टीलचा पाइप, एका चाकाची एक कप्पी, दोन चाकांची एक, दोन अँकर हुक आणि भिंतीला खुंटा. दोरी पॉलिएस्टरची, विणलेली, ६ मिलिमीटर. नायलॉन ताणतं, सुतळी ओलीनं कुजते.

दोन चाकांची कप्पी खुंट्याच्या बाजूच्या हुकाला, एका चाकाची लांबच्या हुकाला. पाइपाच्या दोन्ही टोकांना एकेक दोरी बांधा. जवळच्या टोकाची दोरी दुहेरी कप्पीच्या एका चाकावरून सरळ खाली. लांबच्या टोकाची आधी एकेरीवरून, मग स्लॅबखालून आडवी येऊन दुहेरीच्या दुसऱ्या चाकावरून खाली.

आता खरं काम. पाइप खाली, सारख्या उंचीच्या दोन खुर्च्यांवर ठेवा, पाणसळ लावून बघा. दोन्ही दोऱ्या ताठ ओढा आणि कप्पीच्या वीतभर खाली दोन्हींची मिळून एकच गाठ मारा. हिच्यासाठी स्टूल लागतं. इथून पुढं दोन्ही दोऱ्या सारख्याच सरकतात, मग सगळ्या ओल्या जीन्स एकाच टोकाला टाकल्या तरी पाइप सरळ. गाठीखाली एकच दोरी ठेवा, ओढायची तीच. पाइप खाली येताना गाठ कप्पीला अडते, त्यामुळे दोरी निसटली तरी पाइप फार खाली येत नाही.

या कप्प्यांनी वजन हलकं होत नाही. १२ किलो कपडे म्हणजे १२ किलोचीच ओढ, शिवाय पाइपाचं वजन. पण कपडे सारखे पसरले तर खुंट्याकडच्या हुकावर अर्धे कपडे ६ आणि ओढ १२ मिळून १८ किलोचा खाली भार येतो, लांबच्यावर फक्त ६. बहुतेक जण दोन्ही हुक सारखेच घेतात. जवळचा दणकट घ्या राव. ड्रिल मारण्याआधी स्लॅबमधून वायरिंगचा पाइप कुठून गेलाय ते बघा. माळवदाचं (लाकूड-मातीच्या छताचं) घर असेल तर हुक तुळईलाच, पत्र्याचं असेल तर लोखंडी अँगलला. नुसत्या पत्र्याला कधीच नाही.

दोरी खुंट्याला इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळा, लेकरांच्या हाताच्या वर. आणि पंख्यापासून दोन हात अंतर सोडा, साडीचा पदर पात्यात जाऊ शकतो.