घरचा चुंबकत्वमापी: नोंदी थेट पाठवायच्या तर

अवकाश हवामानाचा, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीभोवती उठणाऱ्या चुंबकीय वादळांचा, अंदाज बांधणाऱ्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद मिनिटाभरात हवी असते, तिची वेळ बिनचूक हवी असते आणि जिथे नोंद नाही तिथे 'नाही' असंच दिसायला हवं. सेन्सर किती महागाचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी जागा बघा. अलिबागच्या आसपास क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतो. जोरदार चुंबकीय वादळातही तो शंभर-दोनशेनेच उतरतो. म्हणून मोटार, लोखंडी फाटक, पाण्याचा पंप यांपासून लांब जा. अंतर दुप्पट केलं की लोखंडाचा उपद्रव आठव्या हिश्शावर येतो. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली. तिथल्या नोंदी १९०४ पासूनच्या आहेत.

आरएम३१०० हा चुंबकीय सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडताना ३.३ व्होल्टच द्या, ५ व्होल्टने तो जळू शकतो. सायकल काउंट (एका वाचनासाठी सेन्सर किती आवर्तनं मोजतो तो आकडा) मुळात २०० असतो, त्यात एक पायरी १३ नॅनोटेस्लांची पडते. ८०० केला की ती ३.३ वर येते. केबल काही मीटर लांब असेल तर दोन्ही टोकांना आय-टू-सी (सेन्सर आणि संगणक यांच्यातली जोडणी) एक्स्टेंडर बसवा, नाहीतर वाचन मध्येच अडकतं.

सेन्सर सीलबंद पीव्हीसी पाइपात घालून अर्धा ते एक मीटर खोल पुरा. स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे वापरा. स्टेनलेसचा असेल तर लोहचुंबक लावून तपासा. उन्हाने सेन्सर तापला की आकडे सरकतात, आणि क्षेत्राचा रोजचा खरा चढउतारही सूर्याच्याच तालावर चालतो. दोन्ही मिसळले की वेगळे काढणं फार अवघड. शेजारी तापमानाचा सेन्सर ठेवून त्याचे आकडेही पाठवा. सेन्सर एक्स, वाय, झेड या तीन अक्षांवर मोजतो. पाणसळ लावून झेड अक्ष खाली करा, मग वाय शून्य दाखवेपर्यंत पाइप फिरवा. खिशातला मोबाइल त्याआधी घरात ठेवून या.

घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची पद्धत) आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा. सेकंदाला एक वाचन घ्या. १०:०० ची नोंद म्हणजे ०९:५९:३० ते १०:००:३० ची सरासरी. १०:०० ते १०:०१ ची काढलीत तर सगळी मालिका अर्धा मिनिट सरकते.

दर मिनिटाला एमक्यूटीटीवरून (उपकरणांचे छोटे संदेश नेटवरून पाठवण्याची पद्धत) एक संदेश पाठवा आणि तीच नोंद कार्डवरही लिहा. नेट गेलं तर परत आल्यावर राहिलेल्या नोंदी त्यांच्या मूळ वेळेसकट पाठवा. हुकलेल्या मिनिटाला आयएजीए-२००२ (चुंबकीय नोंदींचा आंतरराष्ट्रीय साचा) फायलीत ९९९९९.०० लिहायचं. शून्य भरलंत तर अंदाजाच्या प्रणालीला ते प्रचंड वादळ वाटेल. मागचाच आकडा भरलात तर खरं वादळ झाकलं जाईल. माहितीचा प्रकार 'व्हेरिएशन' (फक्त बदल) नोंदवा, कारण या सेन्सरला निरपेक्ष मूल्य सांगता येत नाही.

शांत दिवशी दुपारचा उंचवटा यूटीसी ६ च्या सुमारास यायला हवा. साडेअकराला दिसला तर घड्याळ भारतीय वेळेवर राहिलंय. वादळाची अचानक उसळी सगळ्या केंद्रांवर साधारण एकाच मिनिटात उमटते. अलिबागच्या आलेखाशी ती जुळवून पाहा, मिनिटापलीकडची चूक तिथे पकडली जाते.