रागामुळे विश्वास हळूहळू सुटतो, या चुका टाळा

मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, गळालेली जी माणसं मी जवळून पाहिली त्यातली बरीचशी शंकेमुळे नाही, रागामुळे गेली. आणि एका दिवसात कुणीच गेलं नाही. आधी एका माणसाशी बोलणं बंद, मग त्याच्यासाठी प्रार्थना बंद, मग हळूहळू सगळीच प्रार्थना बंद. त्याच त्याच चुका पाहून आता जीव तुटतो म्हणून लिहितेय.

"मी माफ केलंय" असं म्हणून विषय बंद करणं

ही सगळ्यात मोठी, आणि ही मी स्वतः केलीये. बरीच वर्षं संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, शिकवत होते. एकदा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी घेईल, मला आधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. घरी येऊन म्हटलं, जाऊ दे, माफ केलं. पण पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले, मग पहिलं गाणं झाल्यावर यायला लागले, मग शेवटच्या आशीर्वचनाच्या आधीच निघायला लागले म्हणजे त्या व्यक्तीशी हात मिळवावा लागू नये. आणि येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ ही दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की माझे ओठ मिटायचे. वर्षभर मिटलेलेच होते, शेजारी बसणाऱ्यालाही कळलं नाही.

बायबलमधला मत्तय ६ उघडून बघा, प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच ओळीकडे परत येतो, ती हीच. चौदा आणि पंधरा वचनात तो सांगतो की तुम्ही क्षमा केली नाही तर पिताही करणार नाही. हे मी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं! लूक १५ मध्ये उधळ्या मुलाची गोष्ट आहे, घर सोडून गेलेला धाकटा परत येतो आणि बाप मेजवानी देतो. त्यातला थोरला भाऊ पण असाच, शेत कधी सोडलं नाही, बापाचं घर सोडलं नाही, आतून गाण्याचा आवाज येतोय आणि हा रागाने आत जायला तयार नाही. मी तर चर्चमध्ये बसूनच बाहेर होते.

शेवटी मी काय केलं तर रोज झोपायच्या आधी त्या व्यक्तीचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि तिच्या भल्यासाठी मागायचं, स्वतःसाठी काही मागायच्या आधी. पहिले काही आठवडे शब्द घशात अडकायचे, तरी घेतलं. आजही तीच सवय आहे, दुसरी पद्धत मला माहीत नाही. (क्षमा करणं म्हणजे मारहाण, छळ सहन करत तिथेच राहणं नाही. तिथून आधी बाहेर पडा, मदत घ्या.)

"येशूनेही चाबूक उचलला होता"

आपल्या रागाचं समर्थन म्हणून हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. योहान २ मध्ये येशू मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो तेव्हा त्याच्या हातात दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, आहे, मान्य. पण तो राग पित्याच्या घरासाठी होता, स्वतःच्या अपमानासाठी नव्हता. स्वतःची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही असं त्याचा शिष्य पेत्र लिहितो. आणि मार्क ३:५ वाचा, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करण्याआधी तो दोष शोधायला टपलेल्या लोकांकडे रागाने बघतो, पण त्याच वेळी त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःखही होतं. मी स्वतःला एवढंच विचारते की समोरच्याबद्दल मला दुःख होतंय का. नुसताच राग असेल तर तो ‘सत्यासाठी’ नाहीये.

प्रार्थनेचा विषय म्हणून गाऱ्हाणं सांगणं. मत्तय १८:१५ म्हणतं की ज्याने अपराध केला आधी त्याच्याकडे एकट्याने जा. तुम्ही आधी पाच जणांकडे जाता.

स्टेटसला टोमण्याचं वचन टाकणं. बंद करा.

चर्च बदलणं. राग सोबत येतो, नव्या बाकावर तोच शेजारी बसतो.

देवावरचा राग लपवणं. बायबलमधला संदेष्टा योना रागावला तो देवाच्या तोंडावर बोलला, आणि देव त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत राहिला. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. जी माणसं देवाशी भांडतात त्यांची मला कमी काळजी वाटते, गप्प होणाऱ्यांची जास्त.

एका उपासात राग जाईल ही अपेक्षा. नवीन विश्वासी हे फार करतात, शनिवारी उपास, रविवारी चर्चमध्ये ‘राग गेला’ अशी साक्ष, बुधवारी तोच भडका, आणि मग "माझं तारणच झालं नाही वाटतं" म्हणून यायचंच बंद. अरे थांबा जरा. इफिस ४:२६ मध्ये राग सूर्य मावळायच्या आत सोडा म्हटलंय, आणि सूर्य रोज मावळतो, म्हणजे हे रोजचं काम आहे. प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आदल्या संध्याकाळी मी फोन घेऊन बसते आणि ज्याला टाळतेय त्यालाच पहिला लावते. कधी समोरून उचलत नाहीत. मग पुढच्या वेळी परत लावते.