स्पॅनिश पत्रात नावाआधीची पदवी कशी लिहावी

पुण्यात बसून मेक्सिको आणि स्पेनमधल्या ग्राहकांशी पत्रव्यवहार करणं हे माझं काम. नव्याने रुजू होणाऱ्यांचं व्याकरण बहुधा पक्कं असतं. गाडी अडते ती मायन्यात, नावाआधीच्या पदवीपाशी.

आधी आडनाव नीट ओळखा. स्पॅनिश नावात साधारणपणे दोन आडनावं असतात: परंपरेने पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही आपली सवय इथे दगा देते. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शाइनबाउम पार्दो यांनी डॉक्टरेट केली आहे. त्या ‘दोक्तोरा शाइनबाउम’. ‘दोक्तोरा पार्दो’ म्हटलं तर भलतंच कुणीतरी वाटेल.

मग अक्षरं. ‘सेन्योर’ (म्हणजे श्री.), ‘दोक्तोर’ हे शब्द वाक्यात पूर्ण लिहिले तर पहिलं अक्षर लहान लिपीतलं. स्पॅनिश रॉयल अकादमीच्या २०१० च्या शुद्धलेखन नियमांतही हेच आहे. संक्षेप केला की तेच अक्षर मोठं होतं आणि शेवटी टिंब लागतंच. ब्रिटिश इंग्रजीत टिंब गाळतात, ते इथे चालत नाही. ‘दोन्या’ हे बाईंच्या नावाआधीचं आदराचं संबोधन, त्याचा संक्षेप बारकाईने बघा: मोठा डी, टिंब, आणि त्यानंतर वर उचललेला छोटा ए. टिंब मधेच येतं, शेवटी नाही.

नाव नसेल तर संक्षेपही नको. ‘डॉक्टर उद्या येतील’ अशा वाक्यात शब्द पूर्णच लिहा. ‘दोन’ (पुरुषाच्या नावाआधीचं तसंच संबोधन) आणि ‘दोन्या’ पहिल्या नावाला लागतात, नुसत्या आडनावाला नाही. आपण वसंतराव म्हणतो, कुलकर्णीराव म्हणत नाही, तसंच.

मेक्सिकोत पदवीला फार मान. पदवीधराला ‘लिसेन्सियादो’, अभियंत्याला ‘इन्हेनिएरो’ म्हणून हाक मारतात, पत्रातही त्यांचे संक्षेप सर्रास दिसतात. स्पेनमध्ये एवढा सोस नाही, बहुतेक ठिकाणी ‘सेन्योर’ किंवा ‘सेन्योरा’ पुरतं. मी समोरच्याची ईमेलखालची सही बघते आणि तिथे जी पदवी असेल तीच वापरते. अंदाजाने कुणाला डॉक्टर करू नये, आणि बाई डॉक्टर असतील तर पुल्लिंगी रूप मुळीच लावू नये. तो माणसाचा अनादर आहे, असं मी मानते.

मायन्यात पदवीआधी ‘एल’ किंवा ‘ला’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखी उपपदं) लावत नाहीत. त्या व्यक्तीबद्दल तिसऱ्याला लिहिताना मात्र लावतात. आणि मायना संपला की स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम: दोन टिंबं, मग नवी ओळ.